गमबुटातली यात्रा

सुवार्ता, तुझा डबा माझ्याकडेच राहिलाय. एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या सेटमधला मधला, झाकणावर तुझ्या आईचं नाव कोरलेला. गेल्या महिन्यात तुझ्या मेमोरियल सर्व्हिसला सगळे तुझ्याबद्दल इतकं गोड बोलत होते की आपण चुकून दुसऱ्याच बाईच्या मयताला आलो की काय, असं मला वाटायला लागलं. एजवेअरहून आलेल्या महाराष्ट्र मंडळाच्या बाईंनी तर तू 'शांत आणि सोशिक' होतीस असं सांगितलं. मी शेजारी बसलेल्या तुझ्या नवऱ्याकडे बघितलं, तर वसंतभावोजी छताकडे बघत होते. खरं तर तेव्हा मला रडू यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच भुंगा, की आता त्या डब्यात काय घालून परत द्यायचं?

हसू नकोस. आमच्या साताऱ्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत जात नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, पण तळ दिसू देत नाहीत. आईने मला हे पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी शिकवलं असेल. आणि तू! इथे इंग्लंडात, मेडनहेडला आमच्या गल्लीत राहायला आलीस तेव्हा मी हौसेने पुरणपोळ्या पाठवल्या. डबा परत आला तो लख्ख घासलेला आणि रिकामा. म्हटलं घाईत असेल. मग अळूवडी गेली, मटकीची उसळ गेली, गणपतीत मोदक गेले. दर वेळी डबा लख्ख आणि रिकामा. मला वाटलं तुमच्या छिंदवाड्याकडची रीतच अशी असेल. म्हणून मंडळातल्या एका नागपूरच्या बाईंना आडून आडून विचारलं, तर त्या म्हणाल्या, छे हो, आमच्याकडेही काहीतरी घालतातच. शेवटी मी तुलाच तोंडावर विचारलं. तू म्हणालीस, तू प्रेमाने दिलंस, मी प्रेमाने खाल्लं, आता वर परतफेड केली तर तो सौदा झाला. मी म्हटलं, डब्यात काहीतरी घालण्याला आमच्यात संस्कार म्हणतात. तू म्हणालीस, न घालण्याला आमच्यात ल्यूथर म्हणतात. ल्यूथर म्हणजे तुमच्या पंथाचा तो जर्मन पाद्री, हे मला मागाहून कळलं.

आणि मग पुढच्याच आठवड्यात, कुठलाही सण नसताना, दालचिनीचे बन घेऊन दारात हजर. स्वीडनहून तुमच्या मिशन कंपाउंडात आलेल्या मडमांनी तुझ्या आजीला शिकवलेले, आणि आजीने साखर महाग म्हणून गूळ घालून सुधारलेले. ही परतफेड नाही हां, असं तू दारातच बजावलंस. मी तुझा डबा दुसऱ्या दिवशी चिवड्याने गच्च भरून परत केला, तेव्हा तू कपाळाला हात लावलास. हे आपलं भांडण तेव्हापासूनचं.

आपली ओळख तशी त्याच्याही आधीची, पण ती कागदोपत्री. मी तेव्हा कौन्सिलच्या पार्किंग खात्यात होते. लोकांनी दंडाविरुद्ध केलेली अपिलं वाचायची आणि नामंजूर करायची, हे माझं काम, आणि ते मला फार छान जमायचं. लोक काय काय लिहायचे, बाई! कुत्र्याला फिट आली, सासूला फिट आली, पाटी झाडामागे होती, झाड पाटीमागे होतं. तुझं अपील मात्र दोन ओळींचं होतं. चूक माझीच आहे हे मला माहीत आहे, तरीही माफ करावं. ना कारण, ना डॉक्टरचं सर्टिफिकेट. मी ते खुर्चीत मागे रेलून पुन्हा वाचलं आणि नामंजूर केलं, कारण मंजूर करायला त्यात काही आधारच नव्हता. पुढे दिवाळीच्या कार्यक्रमात तू माझ्याच शेजारी बसून, कोण मेली दगडाच्या काळजाची बाई तिथे बसवली आहे, असं विचारू लागलीस. मी म्हटलं, मी. तुझ्या घशात चकली अडकली. भावोजी पाणी आणायला पळाले, आणि तू खोकता खोकता इतकी हसलीस की त्या दिवशी मी ठरवून टाकलं, ही बाई आपली.

तर ही यात्रा. ती निघाली तुझ्या नातीमुळे. तिला शाळेत धर्माच्या तासाला काहीतरी लिहायचं होतं आणि तिने तुला विचारलं, आज्जी, आपण ल्यूथरन का आहोत? तू म्हणालीस, आपल्याकडे स्वीडनचे लोक आले म्हणून. ती म्हणाली, पण मग ते का होते? तुला उत्तर येईना. आयुष्यभर ल्यूथरन, आणि इथे आल्यापासून कोपऱ्यावरच्या इंग्लिश चर्चमध्ये जायचीस, कारण ते जवळ होतं आणि त्यांचा चहा बरा असायचा. तुला ते फारच लागलं. मग तुला कुठूनसा शोध लागला की काही चर्चवाल्यांनी मिळून एक वाट आखली आहे. पाचशे वर्षांपूर्वी या देशात ल्यूथरच्या पुस्तकांवर बंदी होती. ती म्हणे कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून बोटीने किंग्ज लिनच्या बंदरात यायची आणि तिथून नदीने वर केंब्रिजला. केंब्रिजात एका खाणावळीत चार विद्वान बिअर पीत पीत ती वाचायचे. म्हणून लोक त्या खाणावळीला चेष्टेने छोटं जर्मनी म्हणायचे. नदीच्या काठाकाठाने बंदरापासून त्या खाणावळीपर्यंत चालत जायचं. भावोजींचे गुडघे गेलेले. मग तुझ्यामागून चालणारं मेंढरू कोण? मी.

मी आधी वाचून घेतलं, मला सवयच तशी. आणि तुला कात्रीत पकडलं. म्हटलं, तुझ्या ल्यूथरनेच सांगितलंय ना, की यात्रा-बित्रा सगळं थोतांड, देवाची कृपा फुकटच मिळते, चालून कोणाला पुण्य लागत नाही? मग त्याच्याच नावाने यात्रा काढणारी ही कुठली शहाणी माणसं? आणि यात्रेचा शेवट कुठे, तर दारूच्या गुत्त्यात. आणि तो गुत्ताही पाडून टाकलेला, आता तिथे भिंतीवर नुसती पाटी! मला वाटलं, आता ही गप्प बसेल. तू शांतपणे पायात मोजे चढवत होतीस. म्हणालीस, "पुण्य लागत नाही म्हणूनच मजा आहे वं मंदे. काही मिळवायचंच नाही, तर मग घाई कशाची?"

घाई नव्हतीच. तो सगळा फेन्स नावाचा पाणथळ प्रदेश म्हणजे पोळपाटासारखा सपाट. नदी, नदीचा बांध, बांधावर आपण दोघी, आणि समोरून सतत वारा. चढ नाही, उतार नाही, आडोसा तर नाहीच. लघवीला जायचं तर छत्री उघडून तिच्यामागे, आणि तीही वाऱ्याने उलटी. वाटेतल्या प्रत्येक चर्चच्या पोर्चमध्ये पत्र्याच्या पेटीत एक शिक्का असायचा. मी माझ्या यात्रेच्या कार्डावर चौकटीच्या आत, सरळ, दाबून शिक्का मारायची. तू तुझं कार्ड पहिल्याच दिवशी हरवलंस आणि मग मनगटावर मारत सुटलीस. डाउनहॅम मार्केटला चहाच्या दुकानातल्या मुलीला ते शिक्के बघून वाटलं, आपण नाइटक्लबातून येतोय. तू तिला हो म्हणालीस.

आता बुटांचं सांगते. तू हे सगळीकडे तिखटमीठ लावून सांगितलंस, आज माझ्या तोंडून. ते एक आडगावातलं छोटंसं चर्च होतं, कुलूप नसलेलं, आत कोणी नाही. मी नेहमीसारखे पोर्चमध्ये बूट काढले. देवाच्या दारात चपला बाहेर, त्यात काय विचार करायचा असतो? आणि नवे कोरे वॉकिंग बूट कोणाच्या पायात येऊ नयेत म्हणून तिथल्या एका टेबलाच्या कोपऱ्यावर नीट जोडून ठेवले. टेबलावर जॅमच्या बाटल्या होत्या, जुनी जिगसॉ कोडी होती, एक स्वेटर होता. मला वाटलं, यांचं सामान ठेवायचं टेबल असेल. आत गेलो. तू पहिल्या बाकावर बसून तुमच्या उपासनेतलं मराठी गीत म्हणायला लागलीस, हळूच आधी, मग चांगली मोठ्याने. त्या रिकाम्या दगडी चर्चमध्ये तुझा तो बेसूर आवाज असा काही घुमला की माझ्या अंगावर काटा आला. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. तेव्हा मी म्हटलं होतं, दुसरं कडवं पट्टी सोडून गेलं.

बाहेर आलो तर बूट गायब. टेबलाशी चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या एक बाई उभ्या होत्या, अगदी हसतमुख. चर्चच्या छपरासाठी गावाने लावलेलं विक्रीचं टेबल होतं ते. आत्ताच एक जोडी फार चांगली गेली, त्या कौतुकाने सांगू लागल्या, अगदी न वापरल्यासारखी, कुत्रा फिरवायला आलेल्या एका गृहस्थांना नेमकी बसली. मी मोज्यांवर उभी. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि त्यांचं हसू हळूहळू उतरलं. तू एका जुन्या थडग्यावर जाऊन बसलीस आणि पोट धरून हसायला लागलीस. त्या बिचाऱ्या ओह माय गॉड, ओह माय गॉड करत घरी धावल्या आणि स्वतःचे हिरवे गमबूट घेऊन आल्या. माझ्या पायाला ढगळ, आत दोन मोज्यांचं बूच. मी पैसे देऊ लागले, त्या घेईनात. मी म्हटलं, पत्ता द्या, घरी गेले की धुऊन पोस्टाने पाठवते. त्या म्हणाल्या, नको, ठेवा, प्लीज, तुमचेच झाले आता.

पुढची सगळी वाट मी फटक फटक करत चालले आणि कटकट करत. बाईंना काहीतरी पाठवायला हवं. गमबूट परत करायचे आणि आत लाडवांचा पुडा. की मोठा केक? की छपराला देणगी? तू बराच वेळ ऐकून घेतलंस. मग बांधावरच मटकन बसलीस आणि मला म्हणालीस, काहून जिवाला खाऊन राहिली? एका बाईने तुला बूट दिले. तू ते कमावले नाहीस, तुझा त्यांच्यावर हक्क नाही, आणि तरी ते तुझ्या पायात आहेत. हेच तर त्या गठ्ठ्यांतून लपवून आणत होते ना वं. मी म्हटलं, गमबूट? तू म्हणालीस, हो, गमबूट.

मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, फुकट घेणं सोपं असतं, लाज सोडली की झालं. तू म्हणालीस, करून बघ सोपं असेल तर. एकदा तरी कोणाचं काही घे आणि डबा रिकामा परत कर. मी म्हटलं, "मी मेल्यावर." तू हसलीस आणि म्हणालीस, "तोवर मला दम निघणार नाही." चेष्टेत म्हणालीस. तेव्हा आपल्याला दोघींनाही काही माहीत नव्हतं.

दम खरंच निघाला नाही तुला. ईली या पुढच्या गावाचं कॅथेड्रल सकाळपासून समोर दिसत होतं आणि काही केल्या जवळ येत नव्हतं, आणि तू दर थोड्या वेळाने थांबायला लागलीस. मी म्हटलं, चहा जास्त ढोसलास. ईलीला पोचल्यावर तू बाकावर बसलीस ती उठेचनास. ओठ निळसर झाले होते. आपण ट्रेनने परत आलो. राहिलेला ईली ते केंब्रिज हा तुकडा वसंत ऋतूत करू, असं ठरलं. मग तपासण्या सुरू झाल्या, आणि वसंतात आपण हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये होतो. तिथे मी मीटरमध्ये पैसे भरत होते आणि तू गाडीत बसून, भरू नको, अपील करू, असं ओरडत होतीस.

त्या महिन्यांत मी रोज तुझ्याकडे काहीतरी घेऊन यायची. मऊ भात, पेज, कधी नुसतं ताक. तू घेतलंस, सगळं घेतलंस, एकदाही थँक्यू म्हणाली नाहीस, आणि डबे लख्ख करून रिकामे परत पाठवलेस. आमचे हे गेले तेव्हा तू अशीच रोज येऊन बसायचीस, मला चहासुद्धा करू द्यायची नाहीस. ते मी कधी फेडू शकले नाही. तू फेडूच दिलं नाहीस. मला तेव्हा तुझा फार राग यायचा, आणि संध्याकाळी तुझी वाट बघायची मी.

एकदा उशीला टेकून तू विचारलंस, माझं ते अपील अजून नामंजूरच का? मी म्हटलं, आता काही होणार नाही, मुदत गेली. नियम म्हणजे नियम. तू डोळे मिटून हसलीस. मला मंजूर म्हणता आलं असतं. त्याला कुठे कोणाची सही लागणार होती?

आणि मग तो शेवटचा डबा. भावोजी घेऊन आले. तू खाटेवरून ऑर्डरी सोडल्यास आणि त्यांनी पीठ मळलं म्हणे. असले वाकडेतिकडे बन मी जन्मात पाहिले नाहीत, काही दगड, काही कच्चे. गूळ एकाच बाजूला. मी सगळे खाल्ले, रोज एक, कॉफीत बुडवून. फक्त शेवटचा एक फ्रीझरमध्ये ठेवला. तोवर तू गेलीस.

गेल्या आठवड्यात मी ईलीला ट्रेनमधून उतरले. पायात तेच हिरवे गमबूट. पाठीवरच्या पिशवीत तुझा डबा, डब्यात तो एक बन. भावोजींना सांगितलं होतं, तुम्ही ट्रेनने केंब्रिजला या, मी त्या पाटीपाशी भेटते. वाटेत वॉटरबीचला एका बी अँड बीमध्ये मुक्काम केला. घरमालकिणीने विचारलं, एकट्याच चालताय? मी म्हटलं, नाही, मैत्रिणीबरोबर. तिने दुसरा कप आणला. मी दोन्ही कप प्यायले, तिला कुठे समजावत बसू?

दुसऱ्या दिवशी बांधावर बसून तो बन खाल्ला. फ्रीझरचा वास अजून होता त्याला. तुझी इतकी आठवण आली की गिळता येईना, पण भावोजींचं मळणंही असं होतं की तसाही गिळता आला नसता. नदीत हंस होते, पलीकडे एक माणूस मासे धरत बसला होता. मी मोठ्याने म्हटलं, जा, तुझं अपील मंजूर. आधार काही नाही, तरी मंजूर. तो माणूस दचकला आणि त्याने गळ वर काढला. त्याला वाटलं असेल, परमिट तपासायला आले.

भावोजी केंब्रिजात त्या पाटीच्या गल्लीत काठी टेकून उभे होते. पाटी आहे, पण तिच्याखाली इतक्या सायकली टेकवलेल्या की वाचायला बगळ्यासारखी मान करावी लागते. एवढ्यासाठी इतकं चाललो आपण! आणि मला काही वाटलं नाही म्हणावं तर तसंही नाही. तुझी नात विचारेल तेव्हा तिला काय सांगायचं, ते मला आता बरंच कळलंय. गमबुटांपासून सुरुवात करीन.

पिशवीतून डबा काढला. कोटाच्या खिशात वॉटरबीचच्या कॅफेतली साखरेची पुडी होती. खोटं कशाला बोलू, मुद्दाम उचलली होती. हात खिशात गेला, पुडी बोटांना लागली. तिथेच राहू दिली. डबा तसाच भावोजींच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी नेऊन हलवला, मग झाकण काढून आत बघत राहिले.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

मग त्यांनी सांगितलं. तू त्यांना बजावून ठेवलं होतंस की मंदा डबा भरूनच आणेल, निदान साखर तरी घालेलच. जे असेल ते तिच्यासमोर खाऊन टाकायचं, डबा स्वच्छ पुसायचा आणि रिकामाच तिच्या हातात परत द्यायचा. मेल्यावरसुद्धा तुला शेवटचा शब्द हवा होता! भावोजींनी त्यासाठी इस्त्रीचा रुमाल आणला होता. तो हातात धरून ते नुसतेच उभे. ती असं काही होईल म्हणाली नव्हती हो, ते म्हणाले, आणि हसायला लागले, आणि हसता हसता त्याच रुमालात तोंड खुपसून रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. मीही रडले, सायकली वाचवत.

मग त्यांनी डोळे पुसले, झाकण नीट दाबून लावलं आणि डबा माझ्यापुढे धरला.

"मंदाताई, हा तुमच्याकडेच राहू द्या."

सेट मोडेल. तिच्या आईचं नाव आहे त्यावर. नातीला द्यायला हवा. माझ्याकडे कारणं तयार होती, आयुष्यभर कारणंच वाचत आले मी. तोंड उघडलं, मिटलं, आणि डबा घेतला.